चाळिसावी बरणी

माझी मावशी समुद्राच्या संशोधन केंद्रात एकतीस वर्षं बरण्या धुवायची. साहेब बदलले, दारावरच्या पाट्या बदलल्या. मावशीचे फॉर्मलिनने सोललेले हात तेवढे तसेच राहिले.

आमचा समुद्र चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला. मोठ्या सागराशी त्याची फारकत झाली त्याला लाखो वर्षं लोटली, आणि आत अडकलेल्या जीवांनी आपापला वेगळा संसार थाटला. त्यातला एक मासा मावशीचा लाडका. अंगावर एक खवला नाही, आणि इतका पारदर्शक की पोटातली पिल्लं बाहेरून मोजून घ्यावीत. जगात दुसरीकडे कुठेच नाही. मच्छीमार त्याला 'नागडू' म्हणायचे आणि फेकून द्यायचे. पुढे खाडीत शहराची गटारं सोडली, धंद्यासाठी परके मासे सोडले. त्यांनी नागडूची पिल्लं फस्त केली. गेली सहा वर्षं जाळ्यात एकही आलेला नाही.

केंद्रात दर वर्षीचा एक नागडू बरणीत ठेवलेला असे. चाळीस वर्षं, चाळीस बरण्या. एका साहेबाला ते कपाट चहाच्या कपबश्यांसाठी हवं झालं. "मासे फेका, बरण्या धुऊन टाका सगळ्या," म्हणाला. पोटासाठी मावशीने एकोणचाळीस धुतल्या. चाळिसावी पिशवीत घालून घरी आणली.

परवा त्याच खाडीत कारखान्याचं पाणी सोडायचं म्हणून सुनावणी झाली. अहवालात लिहिलेलं, असा मासा इथे कधी नव्हताच. तेव्हा हरकत नाही. आणि समितीचा अध्यक्ष कोण? तोच कपबशीवाला! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

मावशी मला सोबत घेऊन गेली आणि तिने बरणी त्याच्यापुढे ठेवली. "हा बघा साहेब. चिठ्ठीवर तारीख आहे, सही आहे. आता तरी पाणी सोडू नका. तळाशी एखादा असेल अजून."

त्याने चष्मा लावला, बरणी फिरवली. "मान्य. मासा होता."

मावशीने माझा हात घट्ट धरला.

"पण आता सापडत नाही ना? मग नुकसान कोणाचं? हरकत नाही," म्हणत त्याने सही ठोकली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नव्हता म्हणूनही हरकत नाही, मेला म्हणूनही हरकत नाही!

"बाई, बरणी राहू द्या," तो हसत म्हणाला. "कारखान्याच्या स्वागतकक्षात शोभून दिसेल."

मावशीने बरणी उचलून छातीशी धरली.

"तुमचं ऐकून एकोणचाळीस धुतल्या," ती म्हणाली. "त्याची लाज मला मरेपर्यंत पुरेल. हिला हात लावायचा नाही."