वडिलांचा रकाना

प्रतिमा कऱ्हाडकडची, तोंडानं फटकळ. पण एका गोष्टीवर तिनं बारा वर्षं तोंड शिवून ठेवलं होतं. वडिलांच्या डाव्या पायाची बोटं मधुमेहानं गेली, मागोमाग पाय गेला, मग वडीलही. तिच्या लग्नाची बोलणी चालली तेव्हा आईनं चुलीपुढं बसून बजावलं, "कुणी इचारलं तर बैलगाडीखाली पाय आला म्हणायचं. साखरंचं नाव काढलंस, तर तूबी घरात आन् धाकटीबी घरात."

ती बैलगाडी घेऊनच प्रतिमा अमेरिकेत सनीव्हेलला आली. नवरा दिगंबर चिपच्या कंपनीत. तिनं पुण्याला स्टॅटिस्टिक्स केलेलं, म्हणून विद्यापीठात आकडेमोडीचं काम धरलं.

१९८६ साली तिथं डॉ. हॅन्सन मधुमेहाचं मॉडेल बसवत होते. माणसाचं वय, वजन, आईवडिलांचा आजार कॉम्प्युटरला द्यायचा आणि गोरे, काळे, मेक्सिकन, जपानी अशा एकेका गटात कुणाला किती धोका ते काढायचं. भारतीय मिळाले होते अठरा. ते 'इतर'मध्ये कोंबलेले. प्रतिमाला ते लागलं. आपली माणसं हातापायानं काटकुळी, पोट तेवढं पुढं. बाकीच्यांच्या वजनाच्या मापानं मोजलं तर यंत्र त्यांना ठणठणीतच म्हणणार, आणि पाय कापायची वेळ येईस्तोवर कुणी तपासणार नाही.

"शंभर माणसं आण. वेगळा गट करतो," हॅन्सन म्हणाले.

तिनं एकशे आठ आणली. गणपतीत मराठी मंडळाच्या हॉलमध्ये टेबल मांडलं, प्रसादाच्या रांगेतल्या एकेकाला विचारून स्वतः फॉर्म भरले. पुढच्या दोन शनिवारी सगळ्यांनी तपासणीला रक्तही दिलं.

आकडे आले तशी ती गार पडली. एकशे आठातल्या सव्वीस जणांची साखर वाढलेली, पण आईवडिलांना मधुमेह म्हणणारे जेमतेम सात. हॅन्सननी कागद खाली ठेवला. "असं कुठल्याच गटात नाही. फॉर्म खरं बोलत नाहीयेत. शुक्रवारपर्यंत उलगडलं नाही, तर ही माणसं परत 'इतर'मध्ये."

उलगडायचं काय त्यात? भरल्या हॉलमध्ये तिनं खड्या आवाजात विचारलं होतं, आणि टेबलाला टेकून उभ्या होत्या मालिनीकाकू. अर्ध्या बे एरियाची स्थळं त्यांच्या वहीत. लग्नाची पोर असलेला कोण होय म्हणेल? आणि फॉर्म नंबर एक तिचा स्वतःचा. त्यावरही 'नाही'.

सोमवारी संध्याकाळी तिनं पहिला फोन मालिनीकाकूंनाच लावला. दिगंबर शेजारी पेपर वाचत होता.

"काय गं, रक्त झालं. आता काय मागतेस, किडनी?"

"काकू, तुमच्या आईवडिलांचं परत विचारायचंय. कुणाला कळणार नाही."

"एकदा सांगितलं ना. नाही म्हणून."

मागून त्यांच्या मुलीचा, दीपाचा आवाज आला, "मॉम, जस्ट टेल हर."

"तू गप गं. तुझ्यासाठीच चाललंय हे."

प्रतिमा म्हणाली, "काकू, माझ्या वडिलांना होता. पाय त्यानंच गेला. गाडीखाली नाही."

पेपरची सळसळ थांबली.

"आईला," काकू हळूच म्हणाल्या. "शेवटी दिसेनासं झालं होतं तिला. लिही."

फोन ठेवल्यावर दिगंबरनं विचारलं, "मला कधी सांगणार होतीस?"

"लग्नाआधी कळलं असतं, तर काय केलं असतंत?"

त्यानं खोटं बोलायला हरकत नव्हती. पण तो विचार करून म्हणाला, "आई नको म्हणाली असती. मी तिचं ऐकलं असतं."

प्रतिमानं यादीतला पुढचा नंबर फिरवला आणि नमस्कारानंतर पहिलं वाक्य तेच, माझ्या वडिलांना होता. चार संध्याकाळी ती ते म्हणत राहिली. दिगंबर पेपर घेऊन आतल्या खोलीत बसायचा. गुरुवारी मात्र चहाचा कप आणून त्यानं फोनशेजारी ठेवला. बिनसाखरेचा.

शुक्रवारी सातांचे एक्कावन्न झाले होते. हॅन्सननी दोनदा मोजलं आणि गट ठेवला.

प्रतिमा फाइल उघडून पहिल्या ओळीवर गेली. वडिलांच्या रकान्यातलं शून्य, म्हणजे 'नाही', तिनं सर्वांत शेवटी राखलं होतं. ते पुसून तिथं एक घातला. यंत्रानं तिच्या नावापुढचा धोका नव्यानं काढला, जवळजवळ दुप्पट. तिनं तो आकडा चिठ्ठीवर उतरवला आणि कऱ्हाडला धाकट्या बहिणीला पत्र लिहायला घेतलं.