कपेलाच्या सड्यावरचं घरटं

हे लिहायला बसलोय याबद्दल आधी माफी मागतो. मी ख्रिस्ती नाही, अभ्यासक तर नाहीच. वडील सुर्ल्याला खाणीचा ट्रक चालवायचे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. ज्या पुस्तकाबद्दल बोलणार आहे, त्याच्याशी माझी गाठ कामामुळे पडली. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी डिचोलीत एका सर्व्हेयरकडे काम करतो. सकाळी कॉलेज, दुपारनंतर साइट. त्या उन्हाळ्यात पेडण्यात एका सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, लाइन-आउट करायला गेलो होतो. नकाशावरच्या रेघा चुन्याने जमिनीवर मारायच्या, एवढंच ते काम. सड्यावर एक कपेल, म्हणजे ख्रिस्ती लोकांचं छोटं प्रार्थनाघर, आहे. फेस्ताला, म्हणजे तिथल्या वार्षिक सणाला, गाड्यांची गर्दी होते, म्हणून कपेलाच्या कमिटीला मागच्या उघड्या जागेत पार्किंग हवं होतं. पाऊस लागायच्या आत रोलर फिरवायचा होता.

खुंटी ठोकायला वाकलो तर डोक्यावर टिटवी ओरडायला लागली. पायाजवळ खड्यांत चार अंडी. टिटवी घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवरच अंडी घालते. मी सर्व्हेयर सरांना फोन केला.

"आपण रेघ मारायची. बाकी कमिटी बघेल," सर म्हणाले.

कमिटीला सांगायचं म्हणजे संध्याकाळी तेर्स संपेपर्यंत थांबायचं. त्या महिन्यात कपेलात रोज तेर्स, म्हणजे जपमाळ, आणि मग पवित्र पुस्तकाचं थोडं वाचन चाले. वाचायची आनामांय. सड्याखालच्या वाड्यावरची म्हातारी, नवरा बोटीवर नोकरीला होता तेव्हापासून एकटी राहणारी. तिचं पुस्तक रोमी लिपीतल्या कोंकणीत होतं.

मी अंड्यांचं सांगितल्यावर तिने पानं उलटली आणि जुन्या करारातला एक नियम वाचला. वाटेवर, झाडावर किंवा जमिनीवर घरटं दिसलं आणि आई अंड्यांवर बसलेली असली, तर आईला धरू नये, तिला जाऊ द्यावं.

मला वाटलं, सुटलो. पण कमिटीचे अध्यक्ष निवृत्त मास्तर होते. ते म्हणाले, आईला कोण धरतंय? रोलर आला की ती आपणच उडेल. म्हणजे नियम पाळला गेला. बेळगावचा ठेकेदार मागे उभा होता. त्याने विचारलं, आज टिटवीसाठी थांबलो, उद्या मुंगीसाठी थांबायचं काय? दोघंतिघं हसले.

आनामांय हसली नाही. "आवयेक सोड म्हणटा तें कित्याक, मास्तर? परत घालपाक न्हय? मागीर ती देंवतली खंय, तुझ्या गाडयेर?" आईला सोडायचं ते तिने पुन्हा अंडी घालावीत म्हणून, मग ती उतरणार कुठे, तुमच्या गाडीवर, असं ती विचारत होती.

यावर वाद झाला, बराच वेळ झाला. मला सगळी कोंकणी कळली असं नाही. कोणीतरी म्हणालं, देवाने माणसाला पृथ्वीवर सत्ता दिली आहे. पाद्रीबाब दिवसभर आजाऱ्यांच्या घरी फिरून आले होते. बाकावर बसूनच ते म्हणाले की त्याच पुस्तकात माणसाला बाग राखायलाही ठेवलंय, आणि पहिलं वाक्य पाठ असणाऱ्यांनी दुसरंही पाठ करावं. पिल्लं निघेपर्यंत काम बंद, असं त्यांनी ठरवलं. राखण आनामांयने करायची.

सर माझ्यावर चिडले. "तुला खुंटी ठोकायला पाठवलं होतं की प्रवचन ऐकायला?" रोलरवाला रोज मला फोन करायचा. मी बस बदलत पेडण्याला जायचो आणि लांबूनच परत फिरायचो, कारण आनामांयने माझ्याच चुन्याच्या रेघेपलीकडे कोणाला जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पक्षी बुजतो म्हणे. ती छत्री घेऊन दगडावर बसलेली असायची. मांडीवर पुस्तक, हातात कुत्र्यांसाठी काठी. "पिलां जालीं?" मी विचारायचो. "ना अजून," ती म्हणायची. मास्तरही एकदा येऊन रेघेवरूनच परत गेले.

शेवटी ठेकेदार रोलर घेऊन दुसऱ्या साइटवर गेला. पाऊस लागला. सड्यावरच्या खोलगट जागेत पाणी साचलं. तेच पाणी झिरपून खालच्या वाड्याच्या झरीला जातं, हे माझ्या नकाशात कुठेच नव्हतं. पार्किंग रद्द झालेलं नाही. पुढच्या उन्हाळ्यावर गेलंय. सरांनी फाइल ठेवून दिली आहे, आणि पुन्हा लाइन-आउट करायला बहुतेक मीच जाईन. या कामातून मी शिकलो ते इतकंच की नियम वाचून झाल्यावर तो कशासाठी आहे हे विचारायला थोडा वेळ ठेवावा. नोकरीत तो वेळ कोणी देत नाही.

चतुर्थीनंतर पाद्रीबाब डिचोलीच्या बाजारात भेटले. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, आनामांयने तुला एक गोष्ट सांगायला सांगितलीय, मास्तरांना तिने स्वतःच सांगितली. काम थांबलं त्याच आठवड्यात मुंगसाने चारही अंडी खाल्ली होती. त्यानंतर पाऊस लागेपर्यंत ती रोज जाऊन रिकाम्या जागेची राखण करत होती.