पापणीची पारख

भात कापून झालं की एक धनगरबाबा वरंध घाटातून मेंढरं घेऊन उतरायचे आणि खतासाठी आमच्या शेतात बसवायचे. सकाळी ऊन आलं की एकेका मेंढीचं तोंड उजेडाकडे करून अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढायचे. "लाल हाय, जा गं बये," म्हणून सोडून द्यायचे. पापणी आतून पांढरी दिसली, तर मेंढीच्या पोटात कीड आहे म्हणायचे आणि तिला बाजूला बांधायचे. हळूहळू त्यांनी माणसांच्याही पापण्या ओढायला सुरुवात केली. आमची आईदेखील सुटली नाही.

एका वर्षी मला बघायला मुंबईहून पाहुणे आले. मुलगा गोदीत कामाला, अंगानं अगदी काडी. त्यामुळे माझे वडील घुटमळत होते. तेवढ्यात बाबा बांधावरून आले आणि कोणाला काही कळायच्या आत त्यांनी मुलाचं तोंड उन्हात धरून पापणी ओढली.

"फिक्कट हाय, मालक. पन कीड न्हाई, निस्ती उपासमार हाय. नाचनीची भाकर घाला."

वडिलांनी कपाळाला हात लावला. मुलगा मात्र पापणी बाबांच्या अंगठ्याखाली असतानाच खदाखदा हसत होता.

माझं तिथंच ठरलं.