जाळीच्या कपाटाचा देव

साठच्या दशकात लग्न करून मी पालघरकडच्या दांडीला, समुद्रकाठच्या गावी आले, तेव्हा घरात माझा नंबर तिसरा होता. पहिला अंगणापलीकडच्या पांढऱ्या पेटीचा, दुसरा पर्जन्यमापकाचा, मग माझा. आमचे हे हवामानाच्या नोंदी घ्यायला नेमलेले. पेटी चार पायांवर उभी, लाकडी झडपांची, आत तापमापक. रोज सकाळी हे तिचं दार इतक्या हळुवार हातानं उघडत, की मला तिचा चक्क हेवा वाटे. तिच्याभोवतीच्या तारेच्या कुंपणात लुगडं वाळत घालायची मला बंदी होती. म्हणे वारा अडतो!

गावातल्या कोळणींना ते देऊळच वाटलं. रोज सकाळी एक माणूस अंघोळ करून येतो, छोटं दार उघडतो, वाकतो. त्यांचं तरी काय चुकलं? नारळी पौर्णिमेला त्यांनी पेटीपुढे नारळ फोडले. दिवस कोरडा ठणठणीत, आणि ह्यांच्या पर्जन्यमापकात पाऊस! बोट बुडवून चाखेपर्यंत स्वारी भलतीच खुशीत होती. नारळाचं पाणी निघालं, तसे मात्र भडकले. एक खोटा आकडा घुसला की अख्ख्या मोसमाची नोंद नासते, म्हणाले आणि कुंपणाच्या फाटकाला कुलूप घातलं.

पुढे एका रात्री वारा सुटला आणि शेजारणीच्या नवऱ्याची होडी परत आली नाही. सकाळी ती नारळ घेऊन फाटकाशी उभी.

"साहेब, एकच नारळ फोडते. माजा माणूस दर्यात हाय."

हे किल्ली मुठीत धरून उभे. आता व्याख्यान होणार, असं मला वाटलं. पण हे घरात आले, माझ्या जाळीच्या कपाटातलं दूध, दही, लोणी जमिनीवर मांडलं आणि कपाट ओढत नेऊन फाटकाबाहेर तिच्यापुढे उभं केलं. पालघरच्या बाजारातून हौसेनं आणलेलं, पांढरं, चार पायांचं कपाट!

"ह्यात देव हाय?" तिनं विचारलं.

ह्यांना खोटं बोलायची सवय नव्हती. अडखळले. "तुम्ही बोलवा, येईल," म्हणाले.

दुपारी होडी आली. माझं कपाट कायमचं देवाकडे गेलं. पुढे हे आकड्यांवरून कुणाशी हुज्जत घालू लागले की मी विचारी, "आणि कपाटात देव किती अंश होता हो?"

हे मोठे शास्त्रज्ञ झाले. गेले तेव्हा शहरात सभा झाली. त्यांच्या नोंदींमुळे मान्सून कसा उलगडला, यावर भाषणं झाली. निम्मी मला कळली नाहीत. त्यानंतर मी दांडीला गेले. खरी पेटी केव्हाच हलवली होती. कपाट मात्र जागच्या जागी, नव्यानं रंगवलेलं, पुढे ताजा नारळ.

"कपाट न्यायला आलेय," असं म्हणून शेजारणीची फिरकी घ्यायची, हे मी वाटेतच ठरवलं होतं. पण तिच्या पडवीत तिचा म्हातारा जाळं शिवत बसला होता. त्याला पाहिलं आणि मी तशीच कपाटाकडे वळले. ज्या कपाटावरून ह्यांच्याशी जन्मभर भांडले, त्याच्यापुढे मी हात जोडले आणि पोटभर रडले.