निगेटिव्ह पोरगी

माझं रक्त बी निगेटिव्ह आहे. कॉलेजच्या शिबिरात हे कळलं तेव्हा मी घरी येऊन मोठ्या आनंदाने सांगितलं होतं. आपल्यात काहीतरी वेगळं आहे, एवढीच तेव्हा अक्कल. पुढे लग्नाचं बघायला लागले. बायोडाट्यात उंची, शिक्षण, कुळी, रक्तगट असं सगळं ओळीने लिहायची आमच्याकडे पद्धत, तो मी माझ्याच हाताने लिहिला. लपवायला मी काही चोरी केली नव्हती.

मंचरजवळच्या पेठेचं स्थळ आलं. मुलगा अमेरिकेत नोकरीला, आई पेठेला एकटी, नवरा वारलेला. पसंती झाली, सुपारी फोडायचा दिवस तेवढा ठरायचा होता. वडिलांनी आमच्या जुन्नरकडच्या निमगाव सावात चार जणांना सांगूनही टाकलं. मग मध्यस्थाचा फोन आला. "पोरगी चांगली हाय, पण रक्त निगेटिव्ह हाय. त्यांना न्हाई जमायचं." नाही म्हणायचा त्यांना हक्क होता, तेवढं मी गिळलं असतं. पण पुढे नारायणगावला एका लग्नात, भर पंगतीत त्या मुलाची आई म्हणाली, "निमगावच्या त्या पोरीच्या रक्तात दोष हाय. आमी वाचलो." माझी आई मागच्याच रांगेत जेवत होती. ती ताटावरून उठून घरी आली.

निगेटिव्ह म्हणजे काय हे त्या मांडवात किती जणांना ठाऊक होतं? एकालाही नाही. पण दोष म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. पुढचं स्थळ आलं ते दोष नेमका कसला हे विचारतच. त्याच्या पुढच्याने एड्सचा रिपोर्ट मागितला. माझ्या घरात बसून, माझ्या हातचा चहा पिऊन, माझ्या वडिलांच्या तोंडावर. त्या दिवशी मी त्या पेठेच्या बाईचं वाटोळं होवो असं मनापासून म्हणाले आणि ते शब्द मी आजही मागे घेत नाही. वडिलांनी लग्नकार्याला जाणंच सोडलं. कुणी विचारलं तर गुडघे दुखतात म्हणायचे. गुडघ्यांना काहीही झालं नव्हतं.

नर्सिंग झालेलं होतं. इंग्लंडात नर्सेस हव्या होत्या, परीक्षा दिल्या आणि निघून गेले. बाळंतिणींच्या वॉर्डात काम मिळालं. तिथे पहिल्यांदा रक्त द्यायला गेले तर बाईने रक्तगट ऐकून तोंडभर हसून स्वागत केलं. ह्या रक्ताची आम्हाला नेहमीच गरज असते, म्हणाली. मी तिच्याकडे बघतच राहिले. आमच्याकडे शोधून सापडत नाहीत असे निगेटिव्ह तिथे गल्लीगल्लीत आहेत, आणि कुणाचं लग्न त्यावरून मोडल्याचं ऐकिवात नाही.

पण त्या दिवशी त्यांनी माझं रक्त घेतलं नाही. मी मलेरियाच्या देशातली, आधी वेगळी तपासणी करावी लागेल म्हणाले. ती झाली, मग घेतलं. गावी जाऊन आलं की पुन्हा काही महिने थांबायचं. जुन्नरच्या डासांवर त्यांचा भारी संशय. मी हे सगळं मुकाट पाळत आले. रक्त दिल्यावर काही दिवसांनी फोनवर मेसेज येतो, तुमचं रक्त अमुक गावच्या हॉस्पिटलात वापरलं गेलं म्हणून. तो वाचताना दरवेळी मला पेठेची बाई आठवायची. ह्या लोकांना चालतं गं बये, असं मी मनातल्या मनात तिला सुनवायचे.

लग्न मी केलं नाही. का केलं नाही ते ज्याने त्याने समजून घ्यावं.

परवाच्या सुट्टीत घरी होते तेव्हा गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला. पेठेचा पेशंट मंचरला ॲडमिट, बी निगेटिव्ह रक्त तातडीने पाहिजे. खाली पेशंटचं नाव होतं, त्याच बाईचं, आणि मुलाचा नंबर. मी फोन पालथा ठेवला आणि जेवायला बसले. सावकाश जेवले. आईला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मरंना का. आपल्याला काय करायचंय?"

मलाही पहिल्यांदा तेच वाटलं. मग लक्षात आलं की ती मेली तर माझ्या हातात काय राहणार? इतकी वर्षं मी तिला काय काय बोलायचं ते घोळवत होते. मेलेल्या माणसाला बोलून उपयोग नसतो. मला ती जिवंत हवी होती, शुद्धीवर हवी होती, आणि कान शाबूत असलेली हवी होती. लोकांनी नंतर माझ्या मोठ्या मनाचं कौतुक केलं, त्यांना हे माहीत असलेलं बरं.

मी फोन लावला. मुलगा अमेरिकेहून धावत आला होता, आवाज पार बसला होता. आई गोठ्यात घसरली, खुबा मोडला, अंगात रक्त कमी. पुण्याहून एक पिशवी मिळाली, पण दुसरी हाताशी असल्याशिवाय डॉक्टर ऑपरेशनला हात लावायला तयार नाहीत.

"माझं बी निगेटिव्ह आहे," मी म्हणाले.

"देवासारख्या भेटलात ताई. कुठून बोलताय?"

"निमगाव सावा."

"निमगावच्या... त्याच?" त्याने विचारलं. मी हो म्हणाले. मग म्हणाले, "निगेटिव्ह आहे हं. तुम्हाला चालेल ना? घाई नको. घरच्यांना विचारा आणि सांगा."

"चालेल," तो म्हणाला.

"काय चालेल?"

"निगेटिव्ह रक्त चालेल. प्लीज या."

फोन स्पीकरवर होता. आईने तव्यावरची भाकरी करपू दिली, पण शब्द एकही सोडला नाही. वडील बाहेर ओट्यावर होते, त्यांनीही ऐकलं असावं.

मंचरच्या रक्तपेढीत प्रश्नांची सरबत्ती झाली. परदेशातून कधी आलात, तिथे कसला ताप आला होता का, शेवटचं रक्त कधी दिलंत, टॅटू आहे का. मला हसू आलं. तिथे मी मलेरियाच्या देशातली, इथे मी फॉरेनहून आलेली, म्हणजे दोन्हीकडे आधी दारातच उभं राहायचं. पण माझं सगळं नियमात बसलं. मुलाचं एकही बसेना. आधी त्याने स्वतःचंच रक्त द्यायला हात पुढे केला होता, तर तो निघाला बी पॉझिटिव्ह.

"मी मुलगा आहे त्यांचा," तो म्हणाला.

"मुलगा असलात तरी आईला हे चालणार नाही," तिथला माणूस म्हणाला. मग त्याने निदान पेढीला बदली रक्त देतो म्हटलं, तर कोपराच्या वर ताजा टॅटू. तेही घेता येईना. मी खुर्चीवर हात लांब करून पडले होते आणि हे सगळं ऐकत होते. इतकं निवांत मला फार दिवसांत वाटलं नव्हतं.

माझ्या रक्ताच्या तपासण्या चालू होत्या तेव्हा तो माणूस पुन्हा बाहेर आला. "तुमच्या आईंची बाळंतपणं किती झाली?" त्याने मुलाला विचारलं. "त्यांच्या अंगात पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध अँटिबॉडी आहेत. बहुतेक गरोदरपणात झालेल्या. चुकून पॉझिटिव्ह चढलं तर जिवाशी येईल."

"मी एकटाच आहे," मुलगा म्हणाला.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही बाई स्वतःच निगेटिव्ह, हे मेसेज वाचला तेव्हाच कळलं होतं आणि ते तिच्या तोंडावर फेकायला मी आलेच होते. पण हे त्याहून मोठं होतं. पॉझिटिव्ह बाळ पोटात वाढलं की निगेटिव्ह आईचं अंग त्या रक्ताला ओळखून ठेवतं. पहिलं बाळ सुटतं, त्याच्या पाठीवरच्यांना ते सोडत नाही. आमच्या वॉर्डात हे रोजचं आहे. हिची पाठची पोरं गेलेली असणार, आणि का गेली ते हिला माहीत नसणार. शोधूनही मिळालं नसतं असं हत्यार मला सापडलं होतं.

ऑपरेशन नीट झालं. ती बोलायला लागल्याचं कळलं तशी मी गेले. बायकांचा वॉर्ड भरलेला होता, मुलगा खाटेजवळ बसला होता.

"ओळखलं का मावशी?" सासू झाली असती तर आत्या म्हणावं लागलं असतं.

"निमगावची," ती म्हणाली. फार वाळली होती.

"हो. रक्तात दोष असलेली. तो दोष आता तुम्हाला चढवलाय. तसा तो तुमच्यात आधीपासूनच होता. तुमचं रक्तही निगेटिव्हच आहे, जन्मापासून."

शेजारच्या खाटेवरची बाई मान वळवून बघायला लागली. मला तेच हवं होतं.

"अहो, हे नंतर बोलूया का?" मुलगा म्हणाला. मी त्याच्याकडे बघितलंही नाही.

"ह्याच्या पाठची पोरं गेली ना तुमची?"

"तीन," ती म्हणाली. "दोन पिवळी पडून गेली. एक पोटातच. सासू म्हनायची, ही पोरं खाती. बारशाला कुनी बोलवत नव्हतं मला."

"आई?" मुलगा म्हणाला. त्याला ह्यातलं काही माहीत नव्हतं.

"तुमच्या रक्ताने गेली ती," मी म्हणाले. "तुमचं निगेटिव्ह, पोरांचं पॉझिटिव्ह." कामावर मी असल्या आयांशी किती जपून बोलते ते मला ठाऊक आहे. हिच्याशी नाही बोलले.

ती रडली नाही. विचार करत होती. "मंग तुझी बी गेली असती," ती म्हणाली.

"नाही. पहिल्या बाळंतपणाला एक सुई देतात. मी कितीतरी जणींना देते. ती दिली की पाठची जगतात."

"कवापासनं हाय ती सुई?"

"तुमच्या वेळीही होती. पेठेपर्यंत आली नव्हती."

तिने डोळे मिटून घेतले. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. इतक्या वर्षांचं उट्टं निघालं होतं आणि आता उठून जायला हरकत नव्हती. पर्स खांद्याला लावली तेवढ्यात तिने डोळे उघडले, आणि ती माझ्याकडे नाही, मुलाकडे बघत होती.

"तू मला फोनवर सांगितलं व्हतं, निगेटिव्ह पोरीची पोरं जगत न्हाईत. डॉक्टरला इचारलंय म्हनला व्हतास. इचारलं व्हतं का?"

"विचारलं होतं."

"सुईचं सांगितलं व्हतं त्यानं?"

तो मनगटावरचं घड्याळ गोल गोल फिरवत बसला. "आई, मला तेव्हा लग्नच करायचं नव्हतं. तू ऐकत नव्हतीस. काहीतरी कारण सांगायला हवं होतं."

काहीतरी कारण. माझी आई ताटावरून उठली, वडिलांचे धडधाकट गुडघे दुखायला लागले, माझ्या घरात एड्सचा रिपोर्ट मागितला गेला, आणि ह्याला काहीतरी कारण हवं होतं. मी पर्स पुन्हा खाली ठेवली.

"मी तीन पोरं पुरलेली बाई," म्हातारी त्याला म्हणाली. आवाज खोल गेलेला, पण सगळ्या वॉर्डाला ऐकू जात होता. "तुला ठावं नव्हतं, मला व्हतं. तू बोललास आन मला माझी ती पोरं दिसली. भ्याले म्हनून जगाला सांगत सुटले."

तो उठून बाहेर जायला लागला. "बस खाली," ती म्हणाली, आणि तो बसला.

आता ती माझी माफी मागणार असं मला वाटलं. नाही म्हणायचं हे मी ठरवूनच आले होते. तिने सलाईन नसलेला हात पुढे केला आणि माझं मनगट धरलं. धरणं कसलं, आवळलंच.

"पोरी," ती म्हणाली, "ह्याला आसा मोकळा सोडू नको."

"नाही सोडणार," मी म्हणाले.