तडेकर व्हिएन्नाला कसा गेला

तडेकर धातूच्या कुठल्याही वस्तूला आधी टिचकी मारायचा आणि मग कान लावायचा. लिफ्टचं दार, जिन्याचा कठडा, आमची कढई, काहीच सुटलं नाही. आमच्या घराजवळच्या, बिशानच्या हॉकर सेंटरमधली, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांमधली आंटी त्याला चमच्यावर टिचकी मारताना रोज बघायची. एकदा तिला राहवलं नाही. "क्लीन वन, ला. ऑल क्लीन," ती तिथल्या इंग्रजीत म्हणाली. "स्वच्छतेचा प्रश्न नाही, आंटी," तडेकर म्हणाला, आणि तेही मराठीत.

त्याचं खरं आडनाव वेगळं होतं. विद्यापीठात तो धातूंना तडे कसे जातात यावर संशोधन करायचा, म्हणून मी त्याला तडेकर म्हणू लागलो. पुढे फोनवर तो स्वतःच "तडेकर बोलतोय" म्हणू लागला. एका फ्लॅटमध्ये आम्ही दोघे भाड्याने राहायचो. सकाळी मी तांजोंग पगारला ऑफिस गाठायचो आणि तो लॅबमध्ये जाऊन मशीनवर धातूच्या पट्ट्या वाकवत बसायचा, तुटेपर्यंत. संध्याकाळी जेवताना सांगायचा, "आजची बिचारी फार टिकली रे. दुपारी गेली." ऐकणाऱ्याला वाटावं, हा हॉस्पिटलातून आलाय.

या विद्येचा परिणाम असा झाला की त्याने विमानात बसणं सोडलं. पुण्याहून तो आला होता विमानानेच, पण त्याच्या मते तेव्हा तो अडाणी होता. "विमान म्हणजे फुगा," तो समजावून सांगायचा. "वर गेलं की फुगतं, खाली आलं की बसतं. एखादी तार अशी वाकवत राहा आणि बघ काय होतं ते." पीएचडी झाली, पुढची नोकरी लागली, तरी पठ्ठ्या घरी गेला नाही. आईवडीलच त्याला भेटायला यायचे. त्यांचं विमान उतरेपर्यंत हा घरभर येरझाऱ्या घालायचा आणि ते आले की आईला ओरडायचा, "कशाला आलीस?" ती माउली शांतपणे चकल्यांचा डबा काढायची.

हे असंच चाललं असतं, पण मुक्ता व्हिएन्नात होती. मुक्ता त्याच्याच विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकलेली. नोकरी मिळाली म्हणून ती तिकडे गेली. लग्न ठरलेलं होतं. तडेकरला तिथल्या एका लॅबने बोलावलंही होतं. आता फक्त पोचायचं होतं. तो आज-उद्या करत राहिला. शेवटी एके दिवशी तिने फोनवर सांगितलं, "दिवाळीपर्यंत आला नाहीस तर मी वाट बघणं सोडणार." आवाज अजिबात चढवला नाही. म्हणूनच तडेकर घाबरला.

आमच्या फ्रिजवर जगाचा नकाशा लागला. पहिला मार्ग रेल्वेचा. आमच्या बेटावरून पूल ओलांडून मलेशिया, मग थायलंड, लाओस, चीन, कझाकस्तान, बोटीने कॅस्पियन समुद्र, पुढे तुर्कस्तान आणि तिथून वर. आठवडाभर तो अगदी खुशीत होता. मग लक्षात आलं की आपल्या पासपोर्टवर शेवटच्या देशाचा व्हिसा मिळेपर्यंत पहिल्याची मुदत संपणार. "शिवाय रूळ जिथे जोडतात ना, तिथेच सुरुवात होते," तो खिन्नपणे म्हणाला. कसली, ते मी विचारलं नाही.

दुसरा मार्ग जहाजाचा. मालवाहू जहाजावर कधी कधी चार-दोन प्रवासी घेतात असं कुठूनतरी कळलं. त्याने एका एजंटला फोन लावला आणि भाडं विचारायच्या आधी जहाजाचं वय विचारलं. फोन ठेवून माझ्याकडे वळला. "खारं पाणी आणि पोलाद. हा प्रवास नाही, हा प्रयोग आहे."

तिसऱ्या मार्गासाठी त्याने सायकल घेतली. सराव म्हणून शेजारच्या आंग मो किओपर्यंत गेला आणि दोन तासांनी सायकल हाताने ढकलत परत आला. मला वाटलं, पंक्चर. "नाही रे, फ्रेममधून आवाज आला. अ‍ॅल्युमिनियम सांगून तुटत नाही." मी म्हटलं, "मग चालतच जा व्हिएन्नाला." त्याने नकाशाकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर मी असले विनोद बंद केले.

दिवाळीच्या आदल्या शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात पाठीवर सॅक घेतलेली मुक्ता.

"तू?" तडेकरच्या हातातला आमटीचा डाव तसाच राहिला. "वाट बघणं सोडणार म्हणाली होतीस."

"सोडलं. म्हणून आले."

तिचं पाणी पिऊन होईपर्यंत तो उभाच होता. मग ती म्हणाली, "तुझ्या लॅबमध्ये कसले तुकडे येतात तपासायला?"

"तुटलेले."

"न तुटलेले?"

"ते कशाला पाठवतील?"

"तेच म्हणतेय मी. ते सगळे बाहेर आहेत, कामावर. तू त्यांना कधी बघितलेलंच नाहीस." ती पुढे म्हणाली, "मी विमानातून आले. तुटलेली दिसते का कुठे?"

तडेकरने डाव खाली ठेवला. मी भाजी घेऊन येतो म्हणून बाहेर पडलो, आणि भाजी घरात असताना तासभर खालच्या बाकावर बसून राहिलो.

काही दिवसांनी दोघांना सोडायला चांगी विमानतळावर गेलो. "स्वयंपाकघरातल्या कपाटाचं बिजागर बघ, फार दिवस काढणार नाही ते," एवढंच तडेकर म्हणाला आणि मला घट्ट मिठी मारली. मग मुक्ताने त्याचा दंड धरला आणि दोघं आत गेले. रिकाम्या फ्लॅटवर परत आलो तेव्हा घर इतकं शांत होतं की मला ते सोसेना. मी टीव्ही लावला.

दुसऱ्या दिवशी मुक्ताचा मेसेज आला. तडेकरने पंखाशेजारची खिडकी मागून घेतली होती. सगळा प्रवास तो पंखावर नजर ठेवून बसला. झोपला नाही, जेवला नाही, तिला त्याच्या पलीकडे डोकावूही दिलं नाही. व्हिएन्नाला उतरताना दारातल्या कर्मचाऱ्यांना त्याने गंभीरपणे सांगितलं, "डावा पंख ठीक आहे. उजव्याचं मला सांगता येणार नाही, तिकडे माझी सीट नव्हती."

लग्नाचे फोटो आले, मग बरेच दिवस काही नाही. नव्या लॅबमध्ये रमला असेल म्हणून मीही छेडलं नाही. मग एकदा ऑफिसात जेवताना त्याचा मेसेज आला. "शुक्रवारी पुण्याला चाललोय. आईला सांगितलेलं नाही, तूही बोलू नकोस. या वेळी उजवीकडची खिडकी घेतली आहे."