बधिर हाताला तेल चोळण्यात गेलेली सकाळ

दत्तूकाकांची उजवी बाजू लुळी पडली आहे, असं परळच्या डॉक्टरांनी संध्याकाळी सांगितलं. काका नायगावच्या चाळीतले माझे शेजारी, संपाआधी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते.

सकाळी त्यांचा हात बधिर झाला. "साच्याचं जुनं दुखणं, तेल लाव गं," ते काकूंना म्हणाले. आम्हालाही ते पटलं. दुपारी त्यांची जीभ अडखळली, तेव्हा टॅक्सी बोलावली.

काकांच्या मुलाने डॉक्टरांपुढे मोबाईल धरला. "समुद्रात बुडी मारणाऱ्यांना ठेवतात त्या ऑक्सिजनच्या चेंबरमध्ये बाबांना ठेवा ना. मेंदू वाचतो म्हणे."

"त्यावर अजून संशोधन चालू आहे. मेंदूतली गुठळी विरघळवायचं औषध पहिल्या काही तासांतच देता येतं. ती वेळ गेली."

"मीच चोळत बसले रे," काकू म्हणाल्या.

उद्या सकाळी पुन्हा स्कॅन आहे. मेंदूची सूज वाढली असेल, तर कवटी उघडायला संमती द्यायची की नाही, हे काकूंना तिथेच ठरवावं लागेल.